बोरीहून येणारा खर्ज

परभणीत मी जर्मन गाणं बसवत होते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "कुणाकडून?" उत्तर दिलं की अजून हसतो. माझ्या गायनवृंदात एक निवृत्त एसटी कंडक्टर होते, सरकारी दवाखान्यातल्या दोन नर्स होत्या, दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या ताडकळसच्या दोन जावा होत्या, शाळेतल्या काही माजी विद्यार्थिनी होत्या, आणि बोरीचे एक शेतकरी होते, जे आमच्या चर्चचे सभासदसुद्धा नव्हते. सगळी मिळून एकोणीस माणसं. त्यांच्यापैकी कुणालाही जर्मन येत नव्हतं. मलाही येत नाही.

मी इथल्या मुलींच्या एका शाळेत एकतीस वर्षं संगीत शिकवलं. चर्चचा वृंद हे माझं रविवारचं काम. लोकांना वाटतं, वृंद चालवणारी बाई म्हणजे पुढं उभी राहून हात हलवणारी. हात कुणीही हलवेल. काम कानाचं असतं. एकोणीस माणसं एकत्र गातात तेव्हा त्यांतला एखादा केसभर खाली उतरतो. ते त्याला कळत नाही, शेजारच्यालाही कळत नाही, पण उतरताना तो शेजारच्याला सोबत नेतो. चौथ्या ओळीपर्यंत सगळा वृंद अर्धा सूर खाली आलेला असतो आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी नाही. तो एक जण कोण, हे पहिल्या ओळीत ओळखायचं आणि त्याच्याकडं नुसतं बघायचं. एवढंच माझं कसब.

आमचे कंडक्टर गायकवाडकाका प्रत्येक ओळ सगळ्यांच्या आधी सुरू करायचे. वर्षभर सांगून झालं. शेवटी ते म्हणाले, "बाई, जल्मभर डबल बेल मीच दिली. गाडी हलायच्या आधी मी हलायची सवय हाय." मग मी त्यांना एका नर्सच्या मागं उभं केलं आणि सांगितलं, हिचे खांदे वर गेल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्या दिवसापासून काका वेळेवर यायला लागले.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण पुढं तिचा संबंध येतो. आमच्या शाळेत भूगोलाच्या एक बाई होत्या. एकदा त्यांचा आवाज बसला आणि तीन आठवडे उलटले तरी सुटेना. त्या म्हणायच्या, खडूची धूळ आहे. मला मात्र त्यांच्या आवाजात धुळीपेक्षा वेगळी खरखर ऐकू यायची. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे, हे मला एका शिबिरात शिकवलेलं होतं. मी त्यांना अक्षरशः हाताला धरून नेलं. स्वरपट्ट्यांवर गाठी निघाल्या, साध्याच, उपचारानं बऱ्या झाल्या. त्या नंतर सगळ्या स्टाफरूमला सांगत फिरल्या की हिच्या कानानं माझा घसा वाचवला. मीही ते ऐकून बरीच वर्षं ताठ चालले.

त्या जर्मन गाण्याचे कागद मला त्याच शिबिरात मिळाले. शिबिर नगरला होतं, दोन महिन्यांचं. तिथं एक म्हाताऱ्या जर्मन बाई शिकवायला आल्या होत्या. त्यांनी आम्हाला सांगितलं की चारशे वर्षांपूर्वी त्यांच्या देशात एक युद्ध पेटलं ते एक पिढीभर विझलंच नाही. मागोमाग प्लेग आला. गावोगावच्या चर्चमधले गायक कुणी मेले, कुणी पळाले, कुणी सैन्यात गेले. वृंद चालवणाऱ्यांना प्रश्न पडला की उरलेल्या चार माणसांत देवाचं गाणं गायचं कसं. मग त्यांनी उरलेल्या चार माणसांसाठीच गाणी रचली. ते ऐकताना मला आमच्या ताडकळसच्या दोघी आठवल्या. दरवर्षी नाताळात त्या कारखान्याच्या फडात असायच्या आणि दरवर्षी मी त्यांच्याशिवाय जमवायची.

शिबिर संपताना त्या बाईंनी मला त्याच काळातली एक रचना दिली. पाच आवाजांची. शब्द बायबलमधल्या एका स्तोत्रातले, अर्थ असा की जो रडत रडत पेरतो तो आनंदानं कापणी करतो. आपल्याकडं भजन असो की चर्चचं गीत, चाल एक असते आणि सगळे तीच म्हणतात. इथं तसं नाही. वरचे दोन आवाज बायकांचे, त्याखाली बायकांचाच जाड आवाज म्हणजे आल्टो, मग पुरुषांचा वरचा टेनर, आणि सगळ्यांच्या खाली बास, म्हणजे खर्जातला पुरुषी आवाज. पाचांच्या पाच चाली. एकच वाक्य प्रत्येक जण आपापल्या वेळी बोलतो. पेरण्याच्या शब्दांवर सूर एकमेकांना घासत, रखडत खाली जातात, आणि कापणी आली की तेच आवाज फेर धरल्यासारखे चालायला लागतात. तबला नाही, पेटीसुद्धा लागत नाही.

मी ते कागद अठरा वर्षं ट्रंकेत ठेवले. कारण बास नव्हता. आपल्याकडच्या पुरुषांना वर गायची सवय. भजनात पेटीची काळी चार, काळी पाच पट्टी, जेवढा चढेल तेवढा बुवा मोठा. खाली गाणाऱ्याला कुणी गायक म्हणतच नाही.

दादाराव मला शाळेच्या ऑफिसात सापडले. त्यांची मुलगी वैशाली आमच्याकडं नववीला होती, वसतिगृहात राहायची. ते तिच्या दाखल्याचं विचारायला आले होते. मी शेजारच्या खोलीत पेटी पुसत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "सायेब, तेवढा दाखला आज भेटंल का," आणि पेटीच्या वरची वाटी थरथरली. असं मी अजून लोकांना सांगते. वाटी थरथरली नसेल. पण मी पुसायचं सोडून उठले हे खरं.

उंच, किडकिडीत माणूस. बोरीला आठ एकर शेती. मी विचारलं, "तुम्ही गाता का?"

ते ओशाळले. "भजनात बसतो बाई. पन मागं. माझा आवाज चढत न्हाई. आमचे बुवा म्हनतेत, दादाराव, तू नुस्ता टाळ वाजीव."

मी त्यांना पेटीजवळ बसवलं आणि एक एक सूर खाली नेत गेले. माझी पेटी संपली, ते संपले नाहीत.

दुसऱ्या रविवारी ते बोरीहून एसटीनं आले आणि नंतर सहा वर्षं येत राहिले. आमच्या पाळकसाहेबांनी आधी थोडे आढेवेढे घेतले. बोरीतही चार लोक बोललेच असणार. दादाराव एवढंच म्हणाले, "मी मंगळवारी भजनात देवाचं म्हनतो, रविवारी इथं देवाचं म्हनतो. बुधवारी तर काय कुनी बोलवत न्हाई." बास म्हणजे काय हे मी त्यांना समजावत होते, की बाकीच्या चौघांना तुमच्यावर उभं राहायचंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे जोतं." घराचा पाया. त्यानंतर मी वृंदाला दुसऱ्या कुठल्या शब्दात ते सांगितलं नाही.

आधी आम्ही जर्मन शब्द देवनागरीत लिहून म्हणून बघितले. ताडकळसच्या जावांपैकी थोरली सुनीता, माझी सगळ्यात पक्की आल्टो, तिसऱ्या रविवारी म्हणाली, "बाई, आपन काय म्हनायलोत ते देवाला कळंल, पन आपल्याला बी कळू द्या की." मग मी मराठी शब्द बसवले. त्यात वर्ष गेलं. सरगम वहीत लिहून प्रत्येकाला त्याचा त्याचा आवाज शिकवण्यात आणखी दोन वर्षं गेली. शब्द वाचल्यावर दादारावांनी मला विचारलं, "पेरताना मानूस रडतो हे त्या जर्मन मानसाला कसं मालूम?" मी त्यांना युद्धाचं सांगितलं. ते म्हणाले, "दुबार पेरनी झाली आसंल त्याची."

शेवटी ठरलं की त्या वर्षी चर्चच्या कापणीच्या सणाला हे गायचं. सण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात होता. त्याच्या पुढं ढकलणं शक्य नव्हतं, कारण दिवाळी झाली की सुनीता आणि तिची जाऊ टोळीबरोबर निघणार. आल्टोत त्या दोघीच. म्हणजे हा एकच रविवार हातात होता आणि माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

पोळ्याच्या आदल्या रविवारी मी ते पहिल्यांदा ऐकलं.

रचनेची सुरुवात बास एकटा करतो. चार सूर, सावकाश खाली जाणारे. तिसऱ्या सुराला दादारावांच्या आवाजात एक बारीक खर आली. दळताना पिठात खडा यावा तशी. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनीही माझ्याकडं बघितलं आणि खाकरून परत सुरुवात केली. खर परत आली.

"घसा बसलाय का?"

"फवारनी चालू हाय बाई. नाकातोंडात जायलंय."

मी त्यांना ज्येष्ठमधाची कांडी दिली. पुढच्या रविवारी खर होती. त्याच्या पुढच्या रविवारीही होती आणि वरचे दोन सूर फुटायला लागले होते. चौथ्या रविवारी मी घरी येऊन कॅलेंडरवर बोट ठेवून आठवडे मोजले. भूगोलाच्या बाईंना मी तीन आठवड्यांवर हाताला धरून नेलं होतं. इथंही तीन पुरे होऊन चौथा लागला होता, आणि ही खरखर त्यांच्यापेक्षा वाईट होती. ती सुरावर बसलेली नव्हती, सुराच्या आतून येत होती. मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

मग मी बोट पुढं सरकवलं आणि सणापर्यंतचे रविवार मोजले. पाच. डॉक्टर म्हणजे पहिली गोष्ट सांगणार, गाणं बंद. बास गेला की रचना गेली. मनात म्हटलं, सण होऊ दे. सोमवारी मी स्वतः घेऊन जाते. एकदा हे मनाशी ठरवल्यावर मला रात्री झोप लागेनाशी झाली, पण निर्णय काही मी बदलला नाही. सरावाला दादारावांचा भाग मी कमी वेळा घ्यायला लागले. कुणी विचारलं तर सांगायची, त्यांचं पक्कं आहे, त्यांना कशाला दमवायचं. खरं तर मला ते ऐकवत नव्हतं.

सणाला सतरा दिवस असताना, गुरुवारी भरदुपारी, दारात एक बाई उभी राहिली. दादारावांची बायको कौसल्या. याआधी मी त्यांना एकदाच भेटले होते, वैशालीच्या निरोपसमारंभाला. त्या आत आल्या नाहीत.

"बाई, तुमी सांगा त्यान्ला. माझं ऐकंना गेलेत."

"काय झालं वहिनी?"

"घास अडकायलाय. आठ दिस झालं, भाकर कुस्करून पातळ करून खायलेत. रात्री दम लागतो. दवाखान्यात चला म्हनलं तर म्हनतेत, गानं झाल्यावर. बाईंचं गानं हाय. तुमी म्हनलात तर येतील."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी भांडं तसंच धरून ठेवलं. मला त्या क्षणी भीती वाटली, ती त्यांच्या नवऱ्याच्या आजाराची होती की माझं उघडं पडण्याची, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं बोरीला गेले. कौसल्यावहिनी मला सरळ आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या कोठ्याकडं, घेऊन गेल्या. सोयाबीन काढून गंजी घातली होती. दादाराव तिच्यावर ताडपत्री ओढत होते. मला बघून त्यांना वाटलं सरावाचा काही निरोप आहे.

मी म्हटलं, "कपडे बदला. परभणीला डॉक्टरकडं जायचंय."

"सोळा दिसाचा तर सवाल हाय बाई." बोलताना मधे हवा निसटत होती. "येवढे दिस थांबलो. सनाच्या दुसऱ्या दिशी जातो."

"नाही. आज."

"मग गानं?"

"गाणं राहू द्या."

ते ताडपत्रीचं टोक हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. मी गाणं राहू द्या म्हणेन हे त्यांना खरं वाटत नव्हतं. तेव्हा मला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"दादाराव, मला पोळ्यापासून माहीत आहे. तुमच्या आवाजात मी ऐकलं होतं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"काय ऐकलं व्हतं?"

"हे साधं नाही, एवढं कळलं होतं."

"मग बोलल्या का न्हाईत?"

चांगलं दिसेल असं उत्तर सुचत होतं, पण माझ्याच्यानं ते दिलं गेलं नाही. "बास गेला असता म्हणून," मी म्हणाले.

कौसल्यावहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्या एक पाऊल बाजूला सरकल्या. दादारावांनी ताडपत्रीवर दगड ठेवला, मग दुसरा ठेवला, चारी कोपरे नीट दाबले. मग म्हणाले, "मला बी वाटत व्हतं काई तरी. मी बी बोललो न्हाई." आणि हातपाय धुवायला हौदाकडं गेले.

गाडीत आम्ही तिघं एका बाकावर बसलो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली. तिच्या टोकाला कॅमेरा होता आणि चित्र पडद्यावर दिसत होतं. माणसाचा आवाज कशातून निघतो हे आयुष्यभर आवाजाचं काम करून मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. दोन पांढऱ्या पट्ट्या. डॉक्टर म्हणाले, "आ म्हणा." दादारावांनी आ म्हटलं. एक पट्टी हलली. दुसरीवर गोळ्यासारखं काहीतरी होतं आणि ती हलत नव्हती.

पुढचं सगळं नांदेडला झालं. तुकडा काढून तपासायला पाठवला. वैशालीचं तोपर्यंत लग्न झालं होतं आणि ती नांदेडलाच राहत होती, त्यामुळं दोघांची राहायची सोय झाली. रिपोर्ट यायला वेळ लागला. अहवाल आला तो आम्हाला वाटत होता तोच, कॅन्सरचा. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार, श्वासासाठी गळ्याला कायमचं छिद्र राहणार. लवकर लक्षात आलं तर नुसत्या शेकावर, म्हणजे किरणांच्या उपचारावर, भागतं आणि आवाजही राहतो, असं तिथल्या डॉक्टरांनी वैशालीला समजावून सांगताना मी ऐकलं. ती बाहेर गेल्यावर मी त्यांना विचारलं, "दोन महिने आधी आणलं असतं तर?"

ते म्हणाले, "ते आता कुणालाच सांगता येणार नाही." मी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी ते सोसलं असतं, नाही म्हटलं असतं तर सुटले असते. दोन्ही झालं नाही.

ऑपरेशनची तारीख सणाच्या दुसऱ्या दिवशीची मिळाली. सोमवार. मी वृंदाला सांगितलं की रचना रद्द, नेहमीचं गीत म्हणू. गायकवाडकाकांनी मान हलवली. त्याच संध्याकाळी नांदेडहून वैशालीचा फोन आला. "बाई, आप्पा म्हणतात रद्द करायचं नाही. त्यांना ऐकायचंय. फोन चालू ठेवा म्हणाले."

मी सुनीताला विचारलं, बासशिवाय कसं करायचं. ती म्हणाली, "रिकामं सोडायचं. त्यांची जागा हाय ती, तिथं पेटी कशाला घुसवायची." माझा विचार पेटीवर तो भाग वाजवायचा होता. पण आल्टो तिची, टोळीत जाणार ती, तिनं एवढं ठामपणे काही सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. मी ऐकलं.

सणाच्या दिवशी चर्चमध्ये उसाची मोळी, जोंधळ्याची कणसं, भोपळे, सोयाबीनचं पोतं असं सगळं वेदीपुढं मांडलं होतं. फोन मी माझ्या वह्यांच्या स्टँडवर ठेवला होता. पलीकडून वॉर्डातले आवाज येत होते, भांड्यांचे, कुणाच्या तरी खोकल्याचे. मी हात वर केला. बासचे पहिले चार सूर कुणीच गायले नाहीत. मी ते हातानं मोजले. चर्चमधल्या लोकांना वाटलं असेल बाई विसरली. एवढा वेळ मी आयुष्यात कशासाठी थांबलेले नाही. मग टेनर आला, त्यावर आल्टो, आणि माझी सगळी धास्ती एकाच गोष्टीत गोळा झाली, की खाली जोतं नाही, आता हे घसरणार. तिसऱ्या ओळीला टेनर ढळला. गायकवाडकाका. मी त्यांच्याकडं बघितलं. सुनीतानं तर आपला सूर इतका रोखून धरला होता की मानेच्या शिरा दिसत होत्या. काका सावरले. कापणीच्या शब्दांना चाल बदलली आणि आम्ही शेवटाला पोचलो. पेटीवर सूर तपासला. जिथून निघालो होतो तिथंच होतो.

आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाळकसाहेब म्हणाले, चांगलं झालं, पण जरा अपुरं वाटलं. मी फोन घेऊन मागच्या व्हरांड्यात गेले.

"दादाराव, ऐकू आलं का?"

"आलं." आवाज कुजबुजीएवढाच उरला होता. "मधी एकदा कट झालं. पन आलं. खालचं रिकामं व्हतं. तरी तुमी सरकू दिलं न्हाई."

मी माफी मागायचं ठरवून आले होते, वाक्यं जुळवली होती.

त्याआधी तेच म्हणाले, "उद्या साडेसातला नेनार हायेत. बाई, जरा हिला सांगा फोनवर. सकाळधरनं काई खाल्लं न्हाई तिनं." मग फोन कौसल्यावहिनींकडं गेला. मी म्हटलं, वहिनी, जेवून घ्या. त्यांनी फोन ठेवून दिला.

तिनं सकाळपासून काही खाल्लं नाही, हे दादारावांच्या आवाजातलं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य.

ऑपरेशन नीट झालं. ते जगले, अजून आहेत, शेती आता पुतण्या बघतो. सुनीता आणि तिची जाऊ दिवाळीनंतर टोळीबरोबर गेल्या. मी दोनदा बोरीला जाऊन आले. दादाराव तेव्हा पडून असायचे. वहिनी चहा आणून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. माझ्याशी त्या बोलत नव्हत्या आणि त्यांनी बोलावं असं म्हणायचा मला हक्क नव्हता. वृंद चालू होता, पण माझा कान बिघडला होता. कुणी खाकरलं तरी मी गाणं थांबवायची आणि विचारायची, किती दिवस झाले? दोन पोरींना तर मी साध्या सर्दीसाठी डॉक्टरकडं पाठवलं. मागून हसायचे सगळे. हसू दिलं.

पुढच्या चैत्रात एका शनिवारी सकाळी दोघं माझ्या घरी आले. दादारावांच्या गळ्याभोवती पातळ पांढरा रुमाल होता, श्वासाबरोबर तो हलायचा. काखेत पोरांची असते तशी पाटी.

वहिनी दारातच बसल्या, रस्त्याकडं तोंड करून. म्हणाल्या, "हेच म्हनले चला. मी न्हाई म्हनत व्हते." इतक्या महिन्यांत त्या माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि ते खरं असल्यामुळं मला बरं वाटलं.

दादारावांनी पाटीवर लिहिलं, "माझं म्हना."

"तुमचं म्हणजे?"

त्यांनी पेटीवरच्या वह्यांकडं बोट केलं. मी त्यांची वही काढली. बासची. बाईच्या गळ्यात तो भाग बसत नाही, तिथपर्यंत खाली जाता येत नाही, म्हणून मी एक सप्तक वर घेतलं. वर तो अगदीच दुबळा वाटत होता, कुणाचे तरी मोठे जोडे घातल्यासारखा. पहिले चार सूर म्हणून पुढं गेले. दुसऱ्या ओळीत त्यांनी बोट वर केलं.

मी थांबले. वहीत बघितलं. कोमल होता, मी शुद्ध लावला होता. एवढी वर्षं मी तो त्यांना शिकवला, स्वतः कधी म्हटला नव्हता. परत घेतलं. बोट परत वर गेलं. या वेळी सूर बरोबर होता, पण मी तो अर्धवट सोडला होता. हात सावकाश खाली नेत त्यांनी मला दाखवलं, किती वेळ धरायचा ते. तिसऱ्यांदा मी तेवढा धरला. श्वास संपत आला तरी धरला.

दारात वहिनींनी मान वळवून आत बघितलं.

दादारावांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "पुढं."

मी पुढची ओळ घेतली.